पोटातले जंत आणि पोटाबाहेरचे

(इंदूरच्या एका मराठी मंडळात, घरी कुत्रा असलेल्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांना सांभाळणाऱ्या मंडळींसमोर एका पशुवैद्य बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.)

नमस्कार. समोर बरेच ओळखीचे चेहरे आहेत. कुणाकडे लॅब्रेडोर आहे, कुणाकडे पामेरियन, कुणी रोज संध्याकाळी गल्लीतल्या चार-पाच जणांना पोळी घालतं. म्हणून प्रस्तावना न करता तुम्हाला थेट एका जिन्याखाली घेऊन जाते.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडले त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. रामबागेजवळच्या एका जुन्या वाड्यातून निरोप आला, की भुरी व्यायली आहे, पिल्लं बरी दिसत नाहीत, येऊन बघाल का. भुरी म्हणजे गल्लीतलीच कुत्री, पण वाड्यातल्या काकूंनी तिला जिन्याखाली गोणपाट अंथरून दिलं होतं. सात पिल्लं. वय वीस-बावीस दिवस. पोटं टम्म फुगलेली आणि पाठीचे मणके मात्र बोटाला लागत होते. एकाला उचललं तर ते माझ्या तळहातावरच ओकलं. दुधाच्या चोथ्याबरोबर दोन पांढरट जंत पडले, बोटभर लांबीचे, स्प्रिंगसारखे वळलेले. मी पिशवीतून औषध काढलं, एकेकाला पाजलं, आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी सांगितलं की ढीगभर जंत पडले, पोटं उतरली, पिल्लं खेळायला लागली. मी खूश. म्हटलं, आता तीन महिन्यांनी या.

बाराव्या दिवशी काकू टॉवेलमध्ये एक पिल्लू गुंडाळून माझ्या दारात उभ्या होत्या. ते गेलेलं होतं. त्याचा ओठ वर करून पाहिला, तर हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेलं. काकूंची परवानगी घेऊन मी त्या पिल्लाचं आतडं उघडलं. आतल्या अस्तराला सेंटीमीटरभर लांबीचे बारीक धागे चिकटलेले होते, आणि आजूबाजूला काळपट रक्त. मी औषध दिलं तेव्हा हे जंत जंत म्हणून तिथे नव्हतेच. अळीच्या रूपात होते, आणि आईच्या दुधातून रोज नव्या अळ्या येत होत्या.

औषध बरोबर होतं. मात्राही बरोबर होती. मी तारीख चुकले. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या तारखेभोवतीचं आहे. जंताचं औषध त्या दिवशी पोटात असलेल्या मोठ्या जंतांना मारतं. आईच्या मांसात दडलेल्या, दुधातून येणाऱ्या, अंगणातल्या मातीत पडलेल्या आणि पिसवांच्या पोटात बसलेल्या जंतांना ते हातही लावत नाही.

त्या सात पिल्लांना दोन वेगळे जंत होते. ओकारीत पडले ते गोलकृमी. यांचं शास्त्रीय नाव टॉक्सोकारा कॅनिस. यांची तऱ्हा अशी, की मोठ्या कुत्रीच्या पोटात अंडी गेली तर बहुतेक अळ्या आतड्यात न राहता शरीरभर पसरतात आणि स्नायूंमध्ये जाऊन झोपून राहतात. वर्षानुवर्षं. त्या काळात कुत्रीची शी तपासली तर काहीच सापडत नाही, ती ठणठणीत दिसते. मग ती गाभण राहते. कुत्रीचे दिवस साधारण 63. त्यातल्या बेचाळिसाव्या दिवसाच्या आसपास या अळ्या जाग्या होतात आणि वार ओलांडून पोटातल्या पिल्लांत शिरतात. म्हणजे पिल्लू जन्माला येतं तेच जंत घेऊन. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या आतड्यात पूर्ण वाढलेले जंत असतात, आणि एकेक मादी दिवसाला हजारोंनी अंडी घालत असते.

पुष्कळ जण मला सांगतात, “डॉक्टर, आमचं पिल्लू अजून घराबाहेर पडलेलंच नाही, त्याला जंत कुठून होणार?” किंवा, “आम्ही गोड अजिबात देत नाही.” गुळाने जंत होतात हे आपण लहानपणापासून ऐकलंय, आणि त्यापायी आपल्यापैकी कित्येकांनी रविवारी एरंडेलही प्यायलंय. गुळातून जंत येत नाहीत. पिल्लाला ते आईकडून येतात, आणि त्यात आईच्या सांभाळाचाही दोष नसतो. दूध बंद करण्याचा तर विचारही करू नका. त्या वयात आईचं दूध हेच त्याचं सगळं काही असतं.

दुसरे, आतड्याला चिकटलेले धागे, ते अंकुशकृमी. यांच्या तोंडात दातांच्या तीन जोड्या असतात. आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन ते रक्त पितात, आणि जागा बदलली की आधीच्या जखमेतून रक्त झिरपत राहतं. कुत्र्यातला एक अंकुशकृमी दिवसाला 0.1 मिलीलीटरपर्यंत रक्त घालवतो. ऐकायला थेंबभर वाटतं. आता हिशोब करू. कुत्र्याच्या अंगात किलोमागे 80 ते 90 मिलीलीटर रक्त असतं. अर्ध्या किलोच्या पिल्लात झालं 40-45 मिलीलीटर, म्हणजे आपल्या चहाच्या चमच्याने आठ-नऊ चमचे. त्याच्या पोटात शंभर अंकुशकृमी असले, तर दिवसाला दोन चमचे रक्त जाऊ शकतं. आठातले दोन. हे गणित मी त्या रात्री वहीत मांडलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

म्हणून पिल्लू घरी आलं की रोज त्याचा वरचा ओठ उचलून बघायची सवय लावा. हिरडी गुलाबी हवी. बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडली की दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. मुळातच फिकट असेल, शी डांबरासारखी काळी आणि चिकट असेल, पिल्लू गार लागत असेल, तर घरातलं औषध शोधत बसू नका, त्याला उचला आणि डॉक्टरकडे या. अशा पिल्लाला जंताच्या औषधाबरोबर ऊब लागते, लोह लागतं, कधीकधी दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवावं लागतं. नुसतं औषध देऊन पाठवलं तर जंत मरतात आणि पिल्लूही मरतं. आणि लक्षात घ्या, दोन आठवड्यांच्या पिल्लात हे जंत रक्त पीत असतात, पण अजून अंडी घालत नसतात. शी तपासली तर अहवाल स्वच्छ येतो. अशा वेळी कागदापेक्षा हिरडीवर विश्वास ठेवायचा.

अंकुशकृमी दुधातून येतो तसाच जमिनीतूनही येतो. शी पडली की उबदार, ओल्या जागेत दिवस-दोन दिवसांत अंड्यातून अळी निघते, आणि आठवड्याभरात ती शिरायला तयार होते. कुठे शिरते? तोंडातून, किंवा सरळ कातडीतून. हे कातडीचं कसं कळलं त्याची गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आर्थर लूस हे जर्मन शास्त्रज्ञ कैरोमध्ये माणसाच्या अंकुशकृमीवर काम करत होते. अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब त्यांच्या हातावर सांडला. तिथे लाली आली, खाज सुटली. पुढे काही आठवड्यांनी त्यांच्या स्वतःच्याच शौचात अंडी सापडली. तोवर सगळे समजत होते की हे जंत फक्त तोंडावाटे जातात. तुमचा कुत्रा पावसाळ्यात पायांच्या बोटांमधली जागा सारखी चाटत असेल, तिथे लालसर पुरळ असेल, तर बुरशीइतकाच अंकुशकृमीच्या अळ्यांचाही विचार करावा लागतो.

फीतकृमीबद्दल थोडं. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा त्याच्या गोधडीवर भाताच्या शितासारखं, काकडीच्या बीसारखं काहीतरी दिसतं, ताजं असेल तर वळवळतंही. ते फीतकृमीचे सुटलेले तुकडे. शी तपासून हा जंत बऱ्याचदा सापडत नाही, कारण अंडी त्या तुकड्यांत बांधलेली असतात. मग घरचे म्हणतात, अहवालात काही नाही. अहवाल बाजूला ठेवा, तो तुकडा कागदाच्या पुडीत घेऊन या. हा जंत पसरतो पिसवांमुळे. पिसूची अळी फीतकृमीची अंडी खाते, तिची पिसू होते, कुत्रा अंग चावताना ती पिसू गिळतो, आणि दोन-तीन आठवड्यांत पोटात नवीन फीतकृमी तयार. प्राझिक्वांटेल नावाच्या औषधाने तो जातो, हमखास जातो. पण पिसवा तशाच राहिल्या तर महिन्याच्या आत परत येतो, आणि लोक म्हणतात औषध बोगस होतं. गोधडी गरम पाण्यात धुवा, सोफ्याच्या फटी झाडून घ्या, पिसवांचं औषध त्याच आठवड्यात लावा.

चाबूककृमीवर फार वेळ घालवत नाही. मोठ्या कुत्र्यात होतो, अधूनमधून आव पडते, वजन उतरतं. अंडी दिसायला लागायलाच तीनेक महिने लागतात, म्हणून औषधही पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. डॉक्टर सांगतील तसं करा.

आणि एक गैरसमज. कुत्रा बूड जमिनीवर घासत फरफटत गेला की सगळे म्हणतात जंत झाले. बहुतेक वेळा गुदाजवळच्या दोन ग्रंथी भरलेल्या असतात. त्या रिकाम्या कराव्या लागतात, जंताच्या गोळीने त्याला आराम पडत नाही.

आता उपचार. पिल्लू 14 दिवसांचं झालं की पहिला डोस. मग दर दोन आठवड्यांनी, म्हणजे चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात. पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. त्यानंतर साधारण दर तीन महिन्यांनी, किंवा शी तपासून. दोन आठवड्यांचं अंतर कशासाठी? आज दिलेल्या औषधातून ज्या अळ्या सुटल्या, त्या पुढच्या दोन आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. त्यांनी अंडी घालायच्या आत त्यांना गाठायचं. आपल्याकडे रिवाज असा पडलाय की पिल्लू 45 दिवसांचं झालं की लसीसाठी आणायचं आणि तेव्हाच पहिल्यांदा जंताचं औषध. तोपर्यंत तीन डोस होऊन जायला हवेत. भुरीची दोन पिल्लं गेली तेव्हा त्यांचे 45 दिवसही भरले नव्हते.

आईलाही त्याच दिवशी औषध द्यायचं. ती पिल्लांची शी चाटून साफ करते, तिच्यातून अंडी जातात-येतात. कुत्री गाभण असतानाच तुम्ही माझ्याकडे आलात तर आणखी चांगलं. फेनबेंडाझोल नावाचं औषध चाळिसाव्या दिवसापासून पिल्लं 14 दिवसांची होईपर्यंत रोज दिलं, तर पिल्लांपर्यंत पोचणाऱ्या अळ्या खूप कमी होतात. हे डॉक्टरच्या देखरेखीखालीच करा, कारण जंताची सगळी औषधं गाभण कुत्रीला चालत नाहीत.

मात्रा वजनावर. दुकानात मिळणाऱ्या मिश्र गोळ्यांपैकी पुष्कळ गोळ्या 10 किलो वजनाला एक अशा असतात, आणि त्यात 50 मिलीग्राम प्राझिक्वांटेल, 144 मिलीग्राम पायरँटेल पामोएट, 150 मिलीग्राम फेबँटेल असतं. पहिलं फीतकृमीसाठी, दुसरं गोलकृमी आणि अंकुशकृमीसाठी, तिसरं चाबूककृमीलाही धरून. गोळीच्या पाकिटावर हे वाचा. अंदाजे वजन सांगू नका. माझा अनुभव असा की मोठ्या कुत्र्याचं वजन लोक कमी सांगतात आणि पिल्लाचं जास्त. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकटे उभे राहा, वजाबाकी करा. पिल्लाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवा.

पातळ औषधाची बाटली आधी खूप हलवा. मी हे दहादा सांगते, आणि घरी जाऊन दहातले आठ जण विसरतात. औषध तळाशी बसलेलं असतं. न हलवता सात पिल्लांना पाजलं तर पहिल्या चौघांच्या वाट्याला गोड पाणी येतं आणि शेवटच्याला गाळ.

उपाशी ठेवायची गरज नाही, जुलाबाचं काही द्यायची तर अजिबात नाही. औषधानंतर एक-दोन दिवस शीमध्ये जंत दिसतील, काही हलतानाही दिसतील, कारण पायरँटेल त्यांना लुळं करतं आणि ते पकड सोडून बाहेर पडतात. घाबरू नका. उलट काहीच दिसलं नाही तरी औषध वाया गेलं असं समजू नका. फीतकृमी बऱ्याचदा पोटातच विरघळून जातो.

काय देऊ नये हे जरा ठासून सांगते. लसूण देऊ नका. माणसाला तो गुणकारी, पण कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, आणि ज्याचं रक्त आधीच जंतांनी प्यायलंय त्याला आपण आणखी पंडुरोगी करतो. मुलांसाठीची अल्बेंडाझोलची गोळी देऊ नका. दरवर्षी 10 फेब्रुवारी आणि 10 ऑगस्टला शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय कृमीमुक्ती दिवस होतो, त्यातली उरलेली गोळी “अर्धी यालाही दिली” असं सांगणारे मला भेटतात. कुत्र्यात अल्बेंडाझोल अस्थिमज्जेला इजा करू शकतं.

आणि गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. त्या औषधाबद्दल मला फार आदर आहे. ते शोधणाऱ्या ओमुरा आणि कॅम्पबेल यांना 2015 चं नोबेल मिळालं, आणि त्याने आफ्रिकेत लाखो माणसांचे डोळे वाचवले. पण जनावरांच्या त्या बाटलीत एका मिलीलीटरमध्ये 10,000 मायक्रोग्राम औषध असतं. हृदयकृमी होऊ नये म्हणून कुत्र्याला महिन्याला जी मात्रा देतात ती किलोला 6 मायक्रोग्राम. 10 किलोच्या कुत्र्याला 60. आता कुणी हातातल्या सिरिंजने अंदाजाने अर्धा मिलीलीटर टोचला तर काय होईल, तुम्हीच बघा. कोली आणि त्याच्या नात्यातल्या जातींमध्ये एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं. बुबुळं मोठी होतात, लाळ गळते, कुत्रा झोकांड्या खातो, आंधळा होतो, बेशुद्ध पडतो. मी अशा कुत्र्याजवळ तीन रात्री बसलेले आहे. शिवाय फीतकृमीवर ते चालतच नाही.

आता पोटाबाहेरचे जंत. याच्यासाठी तर मी आज आले.

आपलं इंदूर 2017 पासून स्वच्छतेत देशात पुढे आहे. घरोघरी सहा प्रकारचा कचरा वेगळा होतो. रस्त्यावर शेवेचं रिकामं पाकीट टाकायला इथे माणूस धजत नाही, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण सकाळी सहाला कोणत्याही वसाहतीतल्या बगिच्यात या. हातात साखळी, कुत्रा झाडाखाली बसलेला, आणि मालक मोबाईलमध्ये. शी तशीच राहते. आपल्याला वाटतं, सुकेल, मातीत मिसळेल, खत होईल. शी मिसळून जाते, अंडी जात नाहीत. गोलकृमीच्या अंड्याचं कवच इतकं जाड असतं की ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. फिनाईलने मरत नाही, ब्लीचिंग पावडरने मरत नाही. फरशीवर उकळतं पाणी ओतलं तर मरतं. बगिच्यात कोण उकळतं पाणी ओतणार?

पण याच अंड्याची एक कमजोर बाजू आहे. ताज्या शीतलं अंडं कुणालाही बाधत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला उबेत दोन ते चार आठवडे लागतात. अंकुशकृमीलाही आठवडाभर लागतो. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली, तर कुठलंही औषध न देता ही साखळी तुटते. सकाळी खिशात एक पिशवी ठेवायची, हात आत घालून शी उचलायची, पिशवी उलटी करायची, गाठ मारायची. आणि कृपा करून ती घरच्या खताच्या डब्यात टाकू नका. आपल्याकडे ओल्या कचऱ्याचं खत घरी करणारी बरीच घरं आहेत, फार चांगलं काम आहे ते, पण त्या डब्यात ही अंडी मरतील इतकी उष्णता धरत नाही, आणि तेच खत आपण कोथिंबिरीला घालतो.

एका ठिकाणी मी नेहमी थांबते. सुदामानगरच्या बाजूला किंवा कुठेही नवीन घर बांधायला काढलं की दारात वाळूचा ढीग पडतो. पावसाळ्यात ती वाळू वरून कोरडी, आतून ओली आणि उबदार असते. कुत्र्यांना आणि मांजरांना शी करायला तिच्यासारखी जागा नाही, आणि अंकुशकृमीच्या अळीलाही नाही. संध्याकाळी मजुरांची लेकरं आणि शेजारची मुलं त्याच ढिगावर उघड्या पायांनी किल्ले करतात. मग एखाद्या आईचा फोन येतो, पायावर लाल रेघ उठली आहे, रोज थोडी पुढे सरकते, रात्रभर खाजते. ती अळी कातडीखाली चालत असते. माणसाच्या अंगात तिला पुढे वाट सापडत नाही, आठवड्यांनी मरते, पण तोवर मुलाला झोप नाही. त्याला त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, उपचार सोपा आहे. आणि वाळूवर ताडपत्री घाला. बिल्डरला सांगा, नाहीतर स्वतः घाला.

गोलकृमीचं अंडं मुलाच्या पोटात गेलं तर अळी यकृतात, फुप्फुसात भटकते, क्वचित डोळ्यात जाते. 1950 मध्ये हेलेनॉर वाइल्डर या अमेरिकी संशोधक बाईंनी, कर्करोग समजून काढून टाकलेल्या मुलांच्या डोळ्यांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यातल्या अनेकांत कर्करोग नव्हताच, कृमीच्या अळ्यांच्या खुणा होत्या. हे ऐकून घरी जाऊन कुत्र्याला बाहेर काढू नका. कुत्र्याला कुरवाळण्यातून हा धोका जवळजवळ नाही, तो मातीतून आहे. खेळून आल्यावर हात साबणाने, नखं कापलेली, पालेभाजी तीन पाण्यांतून. आणि घरच्या कुत्र्याला जंताचं औषध वेळेवर.

मांस घालणाऱ्यांसाठी एकच. खाटकाकडून आणलेलं काळीज-फुप्फुस कच्चं घालू नका, चांगलं उकडा. त्यात पाण्याच्या फुग्यासारख्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कुत्र्यात काही मिलीमीटरचा एक बारीक फीतकृमी होतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर तशाच गाठी आपल्या यकृतात वाढतात.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न चिठ्ठीवर तिघांनी लिहिलाय. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, होळकरांचं कुलदैवत खंडोबा, त्याच्याबरोबरही कुत्रं असतं. कुत्र्याला घास घालणं आपल्या घरात परकं नाही. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी करून, जंताचं औषध आणि लस देऊन त्यांना त्याच भागात परत सोडावं, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून. पण एकदा दिलेलं औषध किती दिवस पुरतं, ते मघाशी सांगितलं. जे रोज पोळी घालतात त्यांनी तीन महिन्यांनी त्याच पोळीतून गोळी द्यावी. पोळीला तूप लावा, गोळी आत दुमडा, आणि आधी दोन रिकामे घास द्या म्हणजे तिसरा न चावता जातो. सगळ्यांना एकदम टाकू नका. गल्लीतला दादा असतो तो तिघांच्या गोळ्या एकटा खातो. एकेकाला नावाने हाक मारून, हातातून द्या.

भुरीच्या उरलेल्या पाच पिल्लांना मी त्यानंतर दर दोन आठवड्यांनी औषध दिलं. ती जगली. पुढच्या वर्षी भुरी पुन्हा व्यायली, या वेळी सहा पिल्लं. काकूंनी भिंतीवरच्या कालनिर्णयात चौदाव्या दिवसाला लाल पेनाने गोल केला होता, आणि पुढच्या तीन तारखांनाही. मी गेले तेव्हा काकूंनी बाटली हलवूनच माझ्या हातात दिली. सहाच्या सहा वाचली. त्यानंतर आम्ही भुरीची नसबंदी करून घेतली.

आता बोलणं थांबवते, कारण दाखवायचं राहिलंय. मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक ठेवला आहे. सकाळी तीन कुत्र्यांची शी मी मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवली, गाळली, छोट्या नळीत काठोकाठ भरून वर काच ठेवली. पंधरा मिनिटांत जड घाण खाली बसते आणि हलकी अंडी वर येऊन काचेला चिकटतात. मीठ आपलं स्वयंपाकघरातलंच. पहिल्या काचेवर गोलकृमीचं अंडं आहे, गोल, तपकिरी, लिंबाच्या सालीसारखं बारीक खड्ड्यांचं. दुसऱ्यावर अंकुशकृमीचं, पातळ पारदर्शक कवच आणि आत द्राक्षाच्या घडासारख्या चार-आठ पेशी. तिसऱ्यावर चाबूककृमीचं, ते ओळखायला सगळ्यात सोपं, छोट्या पखवाजासारखं, दोन्ही टोकांना बूच. तिन्ही कुत्री इथे बसलेल्यांपैकी तिघांच्या घरची आहेत, दिसायला अगदी धडधाकट, आणि त्यांचं औषध मी लिहून ठेवलंय. लहान मुलांना आधी पाहू द्या. टेबलाला धक्का लागला की फोकस हलतो, म्हणून एका वेळी एकानेच या.